चौकशी खिडकी : गणपतीला भेटतातच सगळे, मग आंबोलीला कशाला?

एसटी डेपोच्या चौकशी खिडकीत बसून माझी नोकरी झाली. लोक विचारायचे गाडीची वेळ, आणि गाडी लेट असली की सांगायचे घरचं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, घरचं ऐकणं राहिलं, म्हणून हे सदर. सध्या येणाऱ्या पत्रांत एकच विषय जास्त दिसतोय: पाऊस गेला की अख्ख्या कुटुंबाने दोन दिवस डोंगरात जमायचं. त्यातली काही पत्रं या खेपेला घेतो.

*

कंट्रोलरकाका, आमचं घर कणकवली तालुक्यात. गावात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. दोन दीर मुंबईला, एक पुण्याला, नणंदा बेळगावला आणि म्हापशाला. त्यांची मुलं, सुना, जावई, बाळं धरून चाळीसच्या आसपास माणसं होतात. पुण्याच्या पुतण्याने ठरवलंय की यंदा ऑक्टोबरात एका शनिवार-रविवारी चारही पिढ्यांनी आंबोलीला जमायचं. सासूबाई ब्याऐंशीच्या, गुडघे गेलेले. त्या म्हणतात, "एवढा घर आसताना पैसे दिऊन डोंगरात कित्याक? गणपतीक सगळे येतत मा?" मिस्टर म्हणतात, कापणी कोण करणार? मला मनातून जायचंय, पण मी बोलत नाही. काय करावं?
– एक सून, कणकवली

वहिनी, तुमच्या पत्रात सासूबाईंचं म्हणणं आहे, मिस्टरांचं आहे, पुतण्याचं आहे. तुमचं मात्र एका ओळीत उरकलंत. जायचं का आहे तेही लिहिलं नाहीत, तर मीच अंदाज करतो.

गणपतीला सगळे येतात म्हणजे तुमच्याकडे येतात. गणपतीच्या डोक्यावरची माटवी सजते तेव्हापासून तुम्ही चुलीपुढे. पहाटे आंघोळीचं पाणी, चाळीस जणांचा चहा, नैवेद्य, पंगती, रात्री भजनाची मंडळी आली की उसळ आणि पुन्हा चहा. मधेच धाकटी जाऊ येऊन विचारते, "मी काही करू का?" आणि तुम्ही म्हणता, "नको, बस तू, दमून आलीस." विसर्जन झालं की सगळे आपापल्या गाडीला लागतात, आणि तुमच्या वाट्याला चादरींचा ढीग. त्या दिवसांत पुण्याच्या जावेशी सलग अर्धा तास तरी बोललात का? नणंदेच्या सुनेचं माहेर कुठलं, ते ठाऊक आहे?

सासूबाईंच्या प्रश्नाला हेच उत्तर. घरी जमलं की एक घर राबतं आणि बाकीचे पाहुणे होतात. आंबोलीत यजमान कोणीच नसतो. पैसे द्यायचे ते याचे. धुकं आणि दरी फुकटच आहेत.

मात्र पुतण्याला सांगा, ऑक्टोबर विसर. तारीख पुण्यात बसून ठरली की असं होतं. त्याच्या हिशेबी पाऊस गेला, रान हिरवं आहे, चला. इकडे हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापायला येतं, गरवं दिवाळीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातं. वर परतीचा पाऊस दुपारचा गडगडत कधी येईल त्याचा नेम नाही. कागदावर मान्सून ऑक्टोबरच्या मध्याला देश सोडतो, पण कापून पसरलेल्या भातावर सर यायची ती येतेच. तुमचे मिस्टर आंबोलीला आले तरी जीव खळ्यात राहणार. शिवाय कोजागिरीची पुनव म्हणजे आपल्याकडे नवान्न. कोणी दसऱ्याला, कोणी पुनवेला दाराला नव्या भाताच्या लोंब्या, म्हणजे नवं, बांधतं. त्या दिवसांत सासूबाईंना उंबऱ्याबाहेर काढण्याचा विचारसुद्धा नको.

माझं मत, भाऊबीज झाल्यावरचा पहिला नाहीतर दुसरा शनिवार. मुलांना बहुधा सुट्टी असते, नणंदा माहेरी आलेल्या असतात, भात बरंचसं घरात आलेलं असतं आणि गावोगावच्या जत्रा अजून भरात नसतात. एकदा दशावतार सुरू झाला की तुमच्याकडची पुरुषमंडळी आंबोलीकडे वळणार नाहीत. आंबोलीत तेव्हा धबधबे बारीक झालेले असतात, पण हवा उघडी, रात्री शाल लागेल एवढा गारवा, आणि रस्त्यावर भिजायला आलेल्यांची जुलैतली झुंबड नसते.

जागा पुतण्याने बरोबर निवडलीय, कदाचित कारण ठाऊक नसताना. आंबोली सुमारे 690 मीटरवर, सावंतवाडीहून तासाभराचा घाट. पण खरी सोय रस्त्यांची आहे. पुण्याचा दीर कोल्हापूर–आजरा करत वरूनच येईल, त्याला कोकणात उतरावंही लागत नाही. बेळगावच्या नणंदेला जवळ. म्हापशाची बांदा–सावंतवाडी करून चढेल. मुंबईवाले रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरतील. म्हणजे कोणा एकावर सगळी रपेट पडत नाही. कोणी माथेरान सुचवलं तर नको म्हणा. उंची जास्त, झाडी सुंदर, पण मोटारी दस्तुरी नाक्यावर सोडाव्या लागतात. पुढे शटल गाडी, घोडा, रिक्षा नाहीतर पाय. चाळीस माणसांची बोचकी आणि ब्याऐंशीचे गुडघे यांचं तिथे जमायचं नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीतलं महाबळेश्वर ज्याने पाहिलंय, तो त्याचं नाव काढणार नाही.

मुंबईच्या दिरांना लगेच फोन करा. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस राहिले नाहीत. दिवाळीनंतरच्या रविवारी रात्री मुंबईकडे जायचं तिकीट सगळ्यात आधी संपतं, म्हणून परतीचं पहिल्यांदा बघा, आणि रजा मिळत असेल तर सोमवारचं काढा. तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडी रोडहूनच सुटते. रिकाम्या गाडीत निवांत चढता येतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की याची किंमत कळते. स्टेशन शहरापासून लांब आहे, तेव्हा तिथली गाडी आधी सांगून ठेवा.

गावातून वर जायला एसटी. माझं खातं म्हणून म्हणत नाही (म्हणतो, थोडंसं). पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. पण एवढी माणसं नेहमीच्या फेरीत कोंबू नका, बाकीच्या उतारूंनी काय करायचं? डेपोत जाऊन "प्रासंगिक करार" विचारा, अख्खी गाडी मिळते आणि घाट अंगवळणी पडलेला चालक मिळतो. सवलती करारगाडीला धरून हिशेब मांडू नका, आधी डेपोत विचारून घ्या.

टेंपो ट्रॅव्हलर ठरली तर तिची पहिली पायरी बघा. ती चांगली उंच असते, आणि सासूबाईंचा गुडघाच तर गेलाय. घरचा पाट ठेवू नका, तो सरकतो. चार पायांचं ठेंगणं, रुंद स्टूल गाडीत टाका. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एकाने आतून हात द्यायचा, दुसऱ्याने मागे नुसतं उभं राहायचं, ढकलायचं नाही. मागून ढकललं की म्हातारं माणूस घाबरून दांडी सोडतं, हे फलाटावर पाहिलेलं सांगतो. चाकावरची सीट नको, शेवटची तर नाहीच. चालकाच्या मागची, खिडकीकडची द्या, कमरेमागे उशी. आणि घाट लागण्याआधी दाणोलीला थांबा घ्या. आपल्या बायका वाटेत लघवीला लागेल म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, वर गेल्यावर चक्कर येते आणि बोल लागतो घाटाला. दुपारी चारच्या आत वर पोचा. संध्याकाळी धुकं उतरलं तर पुढच्या गाडीचा लाल दिवाही उशिरा दिसतो.

खोल्या ठरवताना पुतण्याने फोटोंवर जाऊ नये. फोन करून विचारावं: आजीची खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, बाजूला धरायला काही आहे का, आणि रात्री बिछान्यातून तिथवर जाताना वाटेत पायरी किती. "अ‍ॅडजस्ट होईल" असं उत्तर आलं की दुसरीकडे फोन लावावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाकघरवाला बंगला घेऊ नका. पुतण्या म्हणेल, स्वस्त पडतो, गॅस आहे, भांडी आहेत. गॅस दिसला की तुम्ही पदर खोचणार. मग मोठ्या जाऊबाई कांदा चिरायला बसणार, आणि आंबोलीत तुमच्या कणकवलीचंच घर उभं राहणार, फक्त चूल परकी. जेवण लॉजवाल्याकडे नाहीतर तिथल्या बचत गटाच्या बायकांकडे सांगा, आणि माणशी दर आधी ठरवा.

आमच्याकडे एकदा सगळे आंबोलीला जमलो होतो. काकी सवयीने काळोखात उठली, शाल गुंडाळून लॉजच्या स्वयंपाकघराशी गेली. दाराला कुलूप, आचारी यायचा होता. मग व्हरांड्यात खुर्चीवर बसली, आणि जो डोळे चोळत बाहेर येईल त्याला विचारत होती, "चाय कोणी ठेवल्यान?" शेवटी माझा मेहुणा टपरीवरून किटली घेऊन आला आणि पहिला कप तिच्या हातात दिला. तिने घोट घेतला, आत बघितलं आणि म्हणाली, "साकर कमी आसा." सगळे हसले. मला वाटतं, दुसऱ्याच्या हातच्या चहाला नाव ठेवायची सवड तिला घरात कधी मिळालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा ऊन आलं होतं.

जेवणात शनिवार आणि कार्तिक दोन्ही सांभाळा. सासूबाई तुळशीच्या लग्नापर्यंत मासे-मटण खात नसतील तर त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं, बाकीच्यांना रविवारी कोंबडी-वडे. शक्य असेल तर आजऱ्याचा घनसाळ भात मागा, तिथून जवळच पिकतो. मासा मात्र मागू नका. आपली किनाऱ्यावरची माणसं घाटमाथ्यावर जाऊन सुरमई मागवतात आणि ती शिळी कशी यावर अर्धं जेवण घालवतात.

राहिलं घर. सासूबाई पैशांचं बोलतात, पण मनात असतं ते सांजेचा दिवा कोण लावणार आणि गुरांना वैरण कोण घालणार. हे न सोडवता "चला हो, मजा येईल" म्हणालात तर त्या हलणार नाहीत. शेजारच्या कोणाला तरी नीट सांगा, दोन दिवसांचे पैसे ठरवून द्या, आणि ते सासूबाईंच्या समोर ठरवा. मग बेळगावच्या नणंदेला फोन करायला सांगा. सुनेने सांगितलेलं आणि लेकीने सांगितलेलं यात फरक असतो, तो तुम्हाला मी काय सांगू.

आणि मिस्टरांना आज रात्री जेवताना म्हणा, "मला जायचंय." एवढंच. कारण विचारलं तर हा अंक पुढे करा.

*

आम्ही चार भाऊ. मी डोंबिवलीला, नोकरीतून आता मोकळा झालो. दिवाळीनंतर सगळ्यांनी घाटात दोन दिवस राहायचं आहे. खर्च माणशी वाटावा असं मी मांडलं, तर गावच्या भावाने "बघू" एवढंच म्हटलं. त्याच्या घरात सात माणसं, म्हणून त्याचा वाटा सगळ्यात मोठा होतो. त्याची आंब्याची बाग आहे, म्हणजे अगदीच नाही असं नाही. काय न्याय्य?
– मोठा भाऊ, डोंबिवली

दादा, बाग आहे हे खरं, पण बागेचं वेळापत्रक बघा. हापूसचा पैसा येतो उन्हाळ्यात. दिवाळीनंतर झाडं पालवी-मोहोराच्या तयारीला लागतात आणि खिशातून फवारणी, मजुरी, खत असं जायलाच लागतं. तुमचा पगार दर महिन्याला येत होता, त्याचा वर्षातून एकदा येतो, आणि तोही थ्रिप्स आणि अवकाळीने ठेवला तर. तुम्ही त्याच्याकडे नेमक्या खडखडाटाच्या महिन्यात सात माणसांचे पैसे मागताय. "बघू" याचा अर्थ तुम्ही मोठे भाऊ असून मी सांगायला नको होता.

माणशी वाटणी शाळेच्या सहलीला ठीक. घरात ती दिसायला सरळ आणि असायला वाकडी असते, कारण सगळ्यात जास्त माणसं सहसा त्याच घरात असतात ज्याने म्हाताऱ्यांना सांभाळलंय. आई त्याच्याकडे असेल तर तिचा खर्च त्याच्या सातात मोजलात का? मोजला असेल तर आधी तो काढा. आई चौघांची.

मी काय करेन ते सांगतो. खोल्या आणि जेवण यांचा एकूण आकडा काढेन, आणि तो कमावत्या माणसांवर टाकेन, ज्याला जे झेपेल ते. नुकतीच नोकरी लागलेल्या पोरांनाही थोडं भरू द्या, त्यांना बरं वाटतं. गावच्या भावाला फुकट नेऊ नका, तो येणार नाही. त्याने गाडीचं बघावं, वर न्यायचे नारळ, तांदूळ, कोकम त्याच्याकडून घ्यावेत आणि ते हिशेबाच्या कागदावर त्याच्या नावाने बाजारभावाने लिहावेत. मेहेरबानी म्हणून लिहू नका.

आणि कागद काढलाच आहे तर त्याच कागदावर एक ओळ गणपतीच्या किराण्याची टाका. दरवर्षी तो कोण भरतो, ते चौघांच्या समोर येऊ दे.

*

आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. वडील जाऊन काही वर्षं झाली. नोव्हेंबरात माहेरच्या सगळ्यांनी डोंगरात एकत्र राहायचं ठरलंय, मला खूप आनंद झाला. पण दादाने फोन ठेवताना सांगितलं, येताना आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट साईझ फोटो घेऊन ये. कशाला, विचारलं तर म्हणाला, लागतात. परत विचारलं तर वाईट दिसेल का?
– माहेरवाशीण, रत्नागिरी

ताई, आधारकार्ड हॉटेलवालाही मागतो. पासपोर्ट साईझ फोटो मागणारा हॉटेलवाला मला अजून भेटायचा आहे.

दादाच्या मनात काळंबेरंच असेल असं मी धरत नाही. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली असेल, तिला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र लागतं. ती होऊ दे, तुमचं नाव चढतं तिच्यात. फळबाग योजनेसाठी किंवा तशाच कामासाठी सहहिस्सेदारांचं संमतीपत्र हवं असेल, तर तेही वाचून द्यायला हरकत नाही, त्याने हक्क जात नाही. तिसरं म्हणजे कुलमुखत्यारपत्र, तुमच्या नावाने दुसऱ्याला व्यवहार करू देणारा कागद, इथे डोळे उघडे ठेवा. आणि चौथं हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय तुमचा हक्क जात नाही, पण एकदा नोंदवलं की मागे फिरायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या वर्षी 9 सप्टेंबरला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तिथेही लेक पहिल्या वर्गातली वारस. तुम्हाला भावासाठी हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, कित्येक बहिणी समजून-उमजून सोडतात आणि माहेर उबदार राहतं. पण ते घरी बसून, वकिलाला कागद दाखवून. कोंबडी-वडे खाऊन सगळे गप्पांत असताना मधेच पुढे सरकवलेल्या कागदावर नाही.

म्हणून दादाला सरळ फोन करा: "फोटो आणते, पण कागद कुठला ते आधी पाठव, ह्यांना वाचायला देते." कागद आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर आधार न्या, फोटो घरी विसरा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही तर सख्ख्या देवाने मागितली तरी नाही. बाकीच्या दोघी बहिणींना आजच विचारा, त्यांनाही फोटो सांगितलेत का. आणि फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस आली तर हरकतीला 15 दिवस असतात, पाकीट फ्रिजवर ठेवून विसरू नका.

वाईट दिसण्याचं म्हणाल, तर विचारणारीपेक्षा "लागतात" म्हणणाऱ्याचं जास्त दिसतंय.

हे सदर वाचणाऱ्या तमाम दादांना: जमिनीचं बोलायचं असेल तर वेगळा रविवार ठरवा, बहिणींना आधी विषय सांगा, चहापाणी करा आणि बोला. मौजेच्या दोन दिवसांत तो विषय घुसवलात तर पुढच्या वर्षी खोल्या निम्म्याच लागतील.

*

काका, मी अकरावीत आहे, ठाण्याला राहते. आईबाबा मला फॅमिलीबरोबर आंबोलीला नेतायत. तिथल्या अर्ध्या लोकांची नावंही मला माहीत नाहीत, सगळे "केवढी मोठी झालीस" एवढंच म्हणतात. रेंज पण जाते म्हणे. दोन दिवस मी करू काय?
– नाव नको

चेडवा, "केवढी मोठी झालीस" याच्यावर उत्तर नसतंच, हसायचं आणि पुढे जायचं. नावं ठाऊक नसतील तर तुला माझी जुनी ड्यूटी देतो. गाडी सुटण्याआधी डोकी मोजायची. यादी तू करायची: नाव, कोणाचं कोण, कुठल्या खोलीत, कुठल्या गाडीत. प्रत्येक थांब्यावर "चढले का सगळे?" तू विचारायचं आणि तू हो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. बाबांना दाखव हे, कंट्रोलरचा हुकूम आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुला सगळी नावं येतील आणि सगळ्यांना तुझं. कोण नेहमी शेवटी येतं तेही कळेल, प्रत्येक खानदानात एक असतो.

रेंज येते-जाते, खरं आहे. हिरण्यकेशीला जा. नदी जिथे उगम पावते तिथल्या देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, 2020 मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली आणि नावच शिस्तुरा हिरण्यकेशी पडलं. 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तुझे काका-मामा तिथे पाय बुडवतील, कोणी चुरमुरे टाकेल. त्यांना थांबव. यादी हातात असलेल्या पोरीचं ऐकतात.

घाटात माकडांना खायला देऊ नकोस. चिप्सचं पाकीट हातात घेऊन गाडीतून उतरूच नकोस. आणि कावळेसादच्या दरीवर कठड्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढणारा चुलतभाऊ दिसला, तर आधी त्याच्या आईला हाक मार.

*

आंबोलीला नोव्हेंबरात जळवा असतात का? बरोबर लहान मुलं आणि हृदयाची गोळी घेणारे सासरे आहेत.
– चिंतातुर जावई, मालवण

पाऊस लांबला असेल तर ओल्या पाचोळ्यात आणि ओढ्याकाठी असतात. डांबरी रस्त्यावर आणि लॉजच्या अंगणात सहसा नाही. पूर्ण मोजे, पँट मोज्यात खोचलेली, आणि गवतात बसायचं नाही. लागली तर ओढू नका, काडी लावू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवलं की सुटते. मग साबणाने धुवा आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरा. जळवेच्या लाळेने रक्त गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहत राहतं, त्याने घाबरायचं कारण नाही. सासऱ्यांची गोळी रक्त पातळ करणारी असेल तर त्यांना जास्त वेळ दाबून धरावं लागेल, आणि थांबलंच नाही तर दवाखाना. त्यापेक्षा त्यांना पायवाटेवर नेऊच नका. गाडी जाते तिथवरचे पॉइंट भरपूर आहेत, सकाळी एक, संध्याकाळी एक पुरे. गोळ्यांची पट्टी सामानाच्या बॅगेत टाकू नका, खिशात ठेवा. टपावरची बॅग घाटात खाली काढायला कोणी थांबत नाही. आणि मुलांना जळू म्हणजे काय ते निघण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर एकाने किंकाळी फोडली की चाळीस जण पायजमे झटकत नाचतात.